योद्धा हिरोची लढाई: आधी कोण, मग कोण

‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ हा संगणकावरचा डावपेचांचा खेळ खेळणारे बरेच जण बार्बेरियन किंवा नाइट हा योद्धा हिरो (सेनापती) निवडतात आणि पहिल्याच आठवड्यात अर्धे सैन्य घालवून बसतात. बेळगावात टिळकवाडी-शहापूरच्या खोल्यांवर एकाच संगणकापुढे आळीपाळीने बसून हॉटसीट खेळणाऱ्यांत ही चूक हमखास दिसते. हिरो योद्धा आहे, म्हणजे लढाई सुरू होताच सगळ्यांनी तुटून पडायचे, असे त्यांनी धरलेले असते.

या खेळात हिरो स्वतः तलवार चालवत नाही. तो बाजूला उभा असतो. त्याचा अटॅक (माऱ्याचा आकडा) आणि डिफेन्स (बचावाचा आकडा) तुकडीतल्या प्रत्येक सैनिकाच्या आकड्यात मिळवला जातो, आणि त्याच्या हातात आणखी दोनच गोष्टी उरतात: कोणी कधी चालायचे, आणि फेरीला एक मंत्र. योद्धा हिरोच्या लढाया हरतात त्या ताकद कमी पडल्याने क्वचितच. क्रम चुकतो म्हणून हरतात.

पुढचे सगळे आकडे ‘शॅडो ऑफ डेथ’ किंवा ‘कम्प्लीट’ आवृत्तीचे आहेत. चाहत्यांनी बनवलेल्या मॉडमध्ये काही आकडे बदललेले असतात. तसे असेल तर उजवे बटण दाबून प्रत्येक आकडा एकदा पाहून घ्या.

टप्पा १: हिरोचे खरे बळ ओळखा

बार्बेरियनची सुरुवात अटॅक ४, डिफेन्स ०, स्पेल पॉवर (मंत्राचा जोर) १, नॉलेज (मंत्रासाठीचे गुण ठरवणारा आकडा) १ अशी असते. नाइटची २, २, १, १. या आकड्यांचा अर्थ लढाईत असा लागतो:

१. मारणाऱ्याचा एकूण अटॅक समोरच्याच्या डिफेन्सपेक्षा जितका जास्त, त्यातल्या प्रत्येक अंकाला ५ टक्के जादा इजा होते.

२. समोरच्याचा डिफेन्स जास्त असेल तर प्रत्येक अंकाला अडीच टक्के इजा कमी होते, जास्तीत जास्त ७० टक्क्यांपर्यंत.

३. ऑफेन्स हे कौशल्य हातघाईच्या माऱ्यावर बेसिक, अडव्हान्स्ड आणि एक्स्पर्ट या तीन पातळ्यांना १०, २० आणि ३० टक्के जादा देते. आर्मरर मार खाताना ५, १० आणि १५ टक्के वाचवतो. आर्चरी नेमबाजांना १०, २५ आणि ५० टक्के.

म्हणजे अटॅकचा एक अंक डिफेन्सच्या एका अंकापेक्षा दुप्पट बोलतो. म्हणूनच बार्बेरियन सुरुवातीला जोरात मारतो. पण त्याचा डिफेन्स शून्य आहे, हे लोक विसरतात. तो जितके जोरात मारतो तितकेच त्याचे सैनिक पलटवारात, म्हणजे मार खाल्लेल्या तुकडीने लगेच दिलेल्या उत्तरात, मरतात. इथून पुढचे सगळे टप्पे हा पलटवार चुकवण्यासाठीच आहेत.

टप्पा २: गावाबाहेर पडण्याआधीची तयारी

मंत्राचे पुस्तक. योद्धा हिरोंपैकी बहुतेकांकडे ते सुरुवातीला नसते. मेज गिल्ड (गावातली मंत्रशाळा) बांधून ५०० सोन्याला विकत घ्यावे लागते. ‘आपला हिरो लढवय्या, त्याला मंत्र कशाला’ म्हणून हे ५०० वाचवणारे पुढे त्याच्या दहापट गमावतात. स्लो (शत्रूचा वेग घटवणारा) आणि हेस्ट (आपला वेग वाढवणारा) हे दोन्ही पहिल्या पातळीचे मंत्र आहेत, त्यांना विज्डम हे कौशल्य लागत नाही. मात्र गिल्डमध्ये कोणते मंत्र निघतील ते आपल्या हातात नसते. यांपैकी एकही निघाला नाही तर वाटेतली मंत्रमंदिरे आणि दुसरी गावे शोधा.

मंत्रशक्तीचा हिशेब. नॉलेज १ म्हणजे १० गुण. स्लोला ६ लागतात, म्हणजे एका लढाईत एकदाच. बेसिक अर्थ मॅजिक (Earth Magic, पृथ्वीमंत्रांचे कौशल्य) घेतले की तोच मंत्र ५ गुणांत होतो, म्हणजे दोनदा. एका कौशल्याने मंत्रांची संख्या दुप्पट झाली. गुण रोज एकच भरून येतो. मेज गिल्ड असलेल्या गावात रात्र काढली तर सगळे भरतात.

सात जागा. सैन्याला सातच जागा आहेत आणि त्यातल्या चार-पाच रिकाम्या ठेवून फिरणे ही फार मोठी चूक आहे. स्ट्रोंगहोल्डच्या, म्हणजे बार्बेरियनच्या गावाच्या, सैन्याची सुरुवातीची मांडणी अशी ठेवा: वुल्फ रायडरांची एक मोठी तुकडी, ऑर्कांची एक, ओगर असतील तर त्यांची एक, गॉब्लिनांची एक, आणि उरलेल्या तीन जागांत एकेक गॉब्लिन. तुकडी फोडायला सैन्याच्या खिडकीत स्प्लिटचे बटण असते. हे एकटे गॉब्लिन कशासाठी, ते टप्पा ५ मध्ये येईल.

मोराल. सगळे सैन्य एकाच गावाचे असेल तर मोराल, म्हणजे सैन्याचे मनोबल, १ ने वाढते. तिसऱ्या गावाचे सैनिक घेतले की १ ने घटते, आणि पुढच्या प्रत्येक गावाला आणखी १. जिवंत सैन्यात मेलेल्यांची, म्हणजे सांगाड्यांची किंवा झोंबींची, तुकडी घेतली तर आणखी घट. मोराल उणे असताना सैनिक ऐन वेळी जागचा हलत नाही. दर उणे अंकाला ही शक्यता १२ त १ असते. वाटेत फुकट मिळालेले परक्या गावाचे चार पाइकमन यासाठी बरोबर घेऊ नयेत.

तपासा: पुस्तक आहे का, किमान एक मंत्र परवडतो का, सातही जागा भरल्या का, मोराल शून्याच्या खाली तर नाही ना.

सावधान: लढाई चालू असताना खेळ सेव्ह करता येत नाही. खानापूरकडे पाऊस लागला की वीज कधी जाईल त्याचा नेम नसतो. पहारेकऱ्यावर, म्हणजे नकाशावर वाट अडवून उभ्या असलेल्या शत्रूवर, क्लिक करण्याआधी सेव्ह करून घ्या.

टप्पा ३: शत्रू मोजा

नकाशावर शत्रूवर उजवे बटण दाबले की संख्येऐवजी शब्द येतो. हे शब्द पाठच असले पाहिजेत: फ्यू म्हणजे १ ते ४, सेव्हरल ५ ते ९, पॅक १० ते १९, लॉट्स २० ते ४९, होर्ड ५० ते ९९, थ्राँग १०० ते २४९.

हिशेब नेहमी वरच्या आकड्याने करा. ‘लॉट्स’ म्हणजे २० असतील, असे मनाशी म्हणून गेलेला ४९ जणांसमोर उभा राहतो. शिवाय पहारेकरी लढाईत एकाच तुकडीत उभे राहत नाहीत, ते स्वतःच दोन-तीन किंवा जास्त तुकड्यांत वाटले जातात. तितक्या तुकड्यांचे तितके पलटवार धरा.

मग तीन प्रश्न विचारा. त्यांचा वेग किती? नेमबाज आहेत का? पलटवार न घेता मारणारे आहेत का? नागा, हायड्रा, व्हॅम्पायर यांच्यावर तुमचा पलटवार चालत नाही. रॉयल ग्रिफिन मात्र कितीही वेळा पलटवार करतो, त्याच्यापुढे टप्पा ५ चा उपाय फुकट जातो.

टप्पा ४: मांडणी आणि पहिल्या चालीचा हक्क

रणांगण १५ घरे रुंद आणि ११ घरे उंच असते. तुकड्या वरून खाली कशा उभ्या राहतील, ते सैन्याच्या खिडकीतल्या क्रमावर ठरते. म्हणून मांडणी नकाशावरच करा. टॅक्टिक्स कौशल्य असेल तर लढाईच्या आरंभी ३, ५ किंवा ७ घरांपर्यंत पुढे येऊन उभे राहता येते. समोरच्या हिरोकडेही ते असेल तर दोघांच्या पातळ्या वजा होतात आणि फरकाएवढाच लाभ उरतो.

१. नेमबाजांना कोपऱ्यात ठेवा. कोपऱ्यातल्या घराला शेजारची दोन-तीनच घरे असतात, ती आपल्याच तुकड्यांनी बंद करता येतात. शत्रू शेजारी येऊन उभा राहिला की नेमबाजाला नेम धरता येत नाही आणि हातघाईत त्याचा मारा निम्मा होतो.

२. मोठी हातघाईची तुकडी नेमबाजांपासून एक-दोन घरे दूर ठेवा, म्हणजे चालायला वाट राहील. वुल्फ रायडर दोन घरे व्यापतो. दाटीत अडकला तर जागेवरच राहतो.

३. सगळ्यात वेगवान तुकडी कोणती, ते लक्षात ठेवा. आपल्या एखाद्या तुकडीची पाळी आल्याशिवाय हिरोला मंत्र टाकता येत नाही. समोर वेग ९ चे चँपियन असतील आणि तुमच्याकडे सगळ्यात जलद वेग ६ चा असेल, तर तुमचे पुस्तक उघडण्याआधी ते येऊन मारून जातात. हिरो-हिरोच्या लढाईत ही एकच गोष्ट निकाल लावते. वेग ११ चा एक थंडरबर्ड केवळ पहिला मंत्र मिळवण्यासाठी बरोबर ठेवणे परवडते. वेग १ ने वाढवणारी रिंग ऑफ द वेफेअरर सापडली तर ती याच हिरोला द्या.

टप्पा ५: पलटवार खर्च करून घ्या

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा. बहुतेक तुकड्या एका फेरीत एकदाच पलटवार करतात. तो कोणावर करायला लावायचा, हे तुम्ही ठरवू शकता. बेळगावच्या आखाड्यात कुस्त्या पाहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको: समोरच्याचा डाव आधी भलतीकडे खर्च करून घ्यायचा, मग आपला पट काढायचा.

उदाहरण नीट मोजू. तुमच्याकडे अटॅक ४, डिफेन्स ० चा बार्बेरियन, बेसिक ऑफेन्स, २० वुल्फ रायडर आणि काही एकटे गॉब्लिन. समोर एका तुकडीत १० ओगर.

वुल्फ रायडर थेट धडकले तर काय होते? त्यांचा अटॅक ७ अधिक हिरोचे ४, म्हणजे ११. ओगरचा डिफेन्स ७. फरक ४, म्हणजे २० टक्के, त्यात ऑफेन्सचे १०. रायडरचा मारा २ ते ४, सरासरी ३. २० जणांचे ६०, त्यावर ३० टक्के धरून ७८. ओगरला ४० जीव असतो, म्हणजे एक मेला आणि दुसऱ्याला ३८ इजा झाली. आता उरलेले ९ ओगर पलटवार करतात. ओगरचा मारा सरासरी ९, अटॅक १३, रायडरचा डिफेन्स ५. फरक ८, म्हणजे ४० टक्के जादा. एकूण सुमारे ११३. रायडरला १० जीव, म्हणजे ११ रायडर मेले. एका ओगरच्या बदल्यात १,१०० सोने गेले, आणि ओगरांची स्वतःची पाळी अजून यायची आहे.

आता हेच क्रमाने करा:

१. ओगरचा वेग ४, गॉब्लिनचा ५, रायडरचा ६. पहिल्या फेरीत धावू नका. ओगर आणि तुमच्या ओळीत बरोबर ५ मोकळी घरे उरतील असे उभे राहा. ओगर ४ घरे चालतो, म्हणजे तो तुमच्यापर्यंत पोचत नाही. गॉब्लिन ५ चालतो, तो पोचतो. रायडरही पोचतो.

२. रायडरची पाळी आधी येते. तेव्हा ‘वेट’ दाबा.

३. मग एकट्या गॉब्लिनला ओगरवर पाठवा. तो मरेल, तो त्यासाठीच आहे. त्याची किंमत ४० सोने. ओगरांचा पलटवार तिथे संपला.

४. ओगरांची पाळी येते. ते पुढे सरकतात, पण ४ घरांत रायडर त्यांच्या हाताला लागत नाहीत.

५. वेट केलेल्यांची पाळी फेरीच्या शेवटी येते. आता रायडर जाऊन ७८ चा घाव घालतात. उत्तर येत नाही.

६. पुढच्या फेरीत ओगरांचा पलटवार पुन्हा ताजा झालेला असतो, पण वेग ६ मुळे पहिली पाळी रायडरांचीच असते. इथे लोक लोभाने दुसरा घाव घालतात. घालू नका. मागे निघून जा, मध्ये पुन्हा ५ मोकळी घरे करा, आणि पुढचा गॉब्लिन तयार ठेवा.

१,१०० च्या जागी ४० सोने. हा फरक पहिल्या आठवड्यात पाच-सहा लढायांत साचत जातो आणि दुसऱ्या आठवड्यात तुमच्याकडे सैन्य उरलेले असते.

सावधान: वेट केलेल्या तुकड्यांत क्रम उलटा लागतो, सगळ्यात संथ तुकडी आधी चालते. दोन तुकड्यांना वेट करायला लावले तर आधी कोण मारणार, ते मोजून ठेवा.

दोन प्रकारच्या शत्रूंवर हे चालत नाही. वेगवान शत्रू तुम्हाला अंतर राखूच देत नाही. आणि नेमबाज जागचे हलतच नाहीत. पहिल्यावर उपाय स्लो, तो पुढे आहे. दुसऱ्यावर उपाय एकच: अंतर लवकर तोडा.

टप्पा ६: नेमबाजांशी लढताना

१० घरांपलीकडे नेमबाजाचा मारा निम्मा होतो. आपला नेमबाज असेल तर कर्सरचा बाण मोडलेला दिसतो. तो मोडलेला दिसत असताना बाण वाया घालवू नका. वेट करा, शत्रूला आत येऊ द्या. शत्रूचे नेमबाज असतील तर हिशेब उलटा: पहिल्या फेरीत ते लांब असतात, निम्मेच मारतात. त्याच फेरीत शक्य तितके अंतर कापा. अर्ध्या वाटेवर थांबणे सगळ्यात वाईट, कारण तिथे ते पूर्ण मारतात आणि तुम्ही काहीच करत नाही.

जलद तुकडीतला एकटा सैनिक नेमबाजाच्या शेजारी जाऊन उभा राहिला तरी पुरते. नेमबाज अडकतो आणि त्या एकट्याला मारण्यात आपली पाळी घालवतो.

टप्पा ७: मंत्र कधी टाकायचा

मंत्र जितकी स्पेल पॉवर तितक्या फेऱ्या टिकतो. तुमची पॉवर १, म्हणजे एकच फेरी. म्हणून लढाई सुरू होताच, दोन्ही सैन्ये लांब असताना स्लो टाकणे म्हणजे ६ गुण मातीत घालणे. शत्रू पुढच्या चालीत हाताशी येणार, त्या फेरीच्या आरंभी, आपल्या पहिल्याच पाळीला टाका. फेरीच्या शेवटी टाकलेला मंत्र काम करण्याआधीच संपतो.

अर्थ मॅजिक नसताना किंवा बेसिक असताना स्लो वेग २५ टक्के घटवतो, अडव्हान्स्डला ५० टक्के, आणि एक्स्पर्टला सगळ्या शत्रूंवर एकदम ५० टक्के. वेग घटला की चाल कमी होतेच, पाळीही मागे जाते. हेस्ट बेसिकला ३ ने आणि अडव्हान्स्डला ५ ने वेग वाढवतो. एक्स्पर्ट एअर मॅजिकला सगळ्या आपल्या तुकड्यांना ५.

दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर योद्ध्याने अर्थ मॅजिक घ्यावे, असे आमचे ठाम मत आहे. हेस्टने तुम्ही लवकर पोचता, पण पोचल्यावर पलटवार खाताच. स्लोने अंतर तुमच्या ताब्यात राहते, आणि टप्पा ५ वेगवान शत्रूंवरही चालू लागतो. समोरचा हिरोही मंत्र जाणणारा असेल तर एक ध्यानात ठेवा: तुमच्या स्लोवर त्याने हेस्ट टाकला की स्लो जातो.

टप्पा ८: पातळी वाढताना

आठच कौशल्ये घेता येतात आणि एकदा घेतलेले काढता येत नाही. ऑफेन्स, आर्मरर, टॅक्टिक्स, लॉजिस्टिक्स, अर्थ मॅजिक, एअर मॅजिक, विज्डम ही धरून चला. लीडरशिप आठवे चालेल. ईगल आय, लर्निंग आणि फर्स्ट एड यांना हात लावू नका. नको असलेले नवीन कौशल्य समोर आले तर आधीच्याची पातळी वाढवा.

टप्पा ९: गावावर चालून जाताना

गावाच्या तटबंदीच्या तीन पातळ्या असतात: फोर्टला नुसती भिंत, सिटाडेलला खंदक आणि एक बुरूज, कासलला आणखी दोन बुरूज. बेळगावच्या किल्ल्याभोवतीचा खंदक ज्यांनी पाहिला आहे त्यांना खंदकाचे काम समजते: त्यात पाऊल पडले की तुकडी तिथेच थांबते आणि इजा सोसते. म्हणून भिंत पडली तरी मोठी तुकडी खंदकात उभी राहील अशी चाल करू नका. आधी एकटा गॉब्लिन, मग उडणारे, मग बाकीचे.

भिंतीआडच्या शत्रूवर तुमचे बाण निम्मे लागतात, त्यांचे तुमच्यावर पूर्ण. बॅलिस्टिक्स हे कौशल्य नसेल तर कॅटापल्ट (भिंत फोडणारे यंत्र) आपल्या मनाने कुठेही मारतो. तेव्हा पहिल्या दोन-तीन फेऱ्या सैन्य लांबच ठेवा.

हरत आहात असे दिसले तर शेवटच्या सैनिकापर्यंत लढू नका. रिट्रीट केले, म्हणजे माघार घेतली, तर सैन्य जाते, पण हिरो आणि त्याच्या वस्तू राहतात, आणि तो खानावळीत २,५०० सोन्याला परत मिळतो. लढून हरलात तर त्या सगळ्या वस्तू समोरचा हिरो घेऊन जातो.

टप्पा १०: लढाई संपल्यावर, दिवस संपवण्याआधी

हिरो उद्या किती चालेल, ते सैन्यातल्या सगळ्यात संथ तुकडीवर ठरते. वेग ३ चा एखादा वॉकिंग डेड (चालता मुडदा) बरोबर राहिला तरी सगळे सैन्य त्याच्या चालीने चालते. दुसरा हिरो जवळ असेल तर संथ तुकड्या रात्रीपुरत्या त्याच्याकडे द्या आणि सकाळी परत घ्या. वापरून संपलेल्या एकट्या गॉब्लिनांच्या जागा मोठ्या तुकडीतून पुन्हा फोडून भरा. मंत्राचे गुण ६ च्या खाली असतील तर उद्याची लढाई पुढे ढकला किंवा गावात रात्र काढा. मग सेव्ह करा, आणि त्यानंतरच दिवस संपवण्याचे बटण दाबा.